मधली सफ

२०११ सालच्या दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. आठवीच्या हजेरीत एक नाव सलग नऊ दिवस गैरहजर लागले. दहाव्या दिवशी त्या मुलाची आई शाळेत आली. बुरख्याची कड बोटाला गुंडाळत व्हरांड्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, नाव काढायचंय."

"का हो? लेकरू तर हुशार आहे."

"गाव सोडायलोय आम्ही."

गाव ते सोडत नव्हते. त्यांचे शेत, घर, म्हैस सगळे तिथेच होते आणि आजही आहे. खरे कारण आम्हाला ठाऊक होते. रजिस्टरात मुलगी म्हणून नाव असलेल्या त्या लेकराचा आवाज जूनपासून फुटू लागला होता. ओठावर लव दिसत होती. मुली शेजारी बसायला तयार नव्हत्या आणि मुले पाठीमागून जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखे नाही. वर्गशिक्षिका आम्हीच होतो. आम्ही त्या आईला आत बोलावून खुर्ची दिली नाही, काही विचारले नाही. शाळा सोडल्याचा दाखला भरला आणि कारणाच्या रकान्यात आमच्याच हाताने लिहिले, 'स्थलांतर'. मनातून हायसे वाटले होते, हेही कबूल केले पाहिजे.

या मासिकात आम्ही आजवर मुलांचा अभ्यास, मोबाइलचे वेड, उर्दू-मराठी दोन्ही भाषा घरात कशा जपाव्यात असल्याच विषयांवर लिहिले. आजचा विषय घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. आमच्या मते वाचावा. कारण असे लेकरू कोणाच्या घरी जन्माला येईल हे विचारून येत नाही. दर साडेचार-पाच हजार जन्मांमागे एका बाळाच्या बाबतीत, ते मुलगा की मुलगी हे पाहूनच सांगणे दाईलाच काय, डॉक्टरांनाही कठीण जाते. शिवाय आमच्या त्या विद्यार्थ्यासारखी काही मुले असतात, ज्यांची गोष्ट तेरा-चौदा वर्षांनी उघड होते.

आमच्या धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातलेच उदाहरण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. माजलगाव तालुक्यातल्या राजेगावची ललिता साळवे २०१० मध्ये पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झाली. पुढे शरीरात काही वेगळे असल्याचे जाणवू लागले. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि शरीरात पुरुषाचे वाय गुणसूत्र असल्याचे निघाले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. २०१७ मध्ये रजेचा अर्ज केला तो नामंजूर झाला, कारण महिला म्हणून भरती झालेल्या शिपायाने पुरुष होऊन त्याच नोकरीत राहावे असा नियमच नव्हता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगण्यात आले. अखेर २०१८ च्या मे महिन्यात गृह विभागाने परवानगी दिली आणि २५ मे रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललिताचे ललित झाले. नोकरी टिकली. २०२० मध्ये लग्न झाले, जानेवारी २०२४ मध्ये घरी मुलगा जन्मला.

ही बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा एका संध्याकाळी आमच्या दारात त्याच विद्यार्थ्याचे वडील उभे. सोनारीत आमचे घर शोधत ते बारा कोस आले होते. हातात घडी घालून घालून फाटलेले कात्रण. "बाई, हे खरं असतंय का?"

सात वर्षांत ते आपल्या लेकराला आमिलाकडे, ताविजवाल्याकडे आणि एका जडीबुटीवाल्याकडे नेऊन आले होते. डॉक्टरकडे नेले नव्हते. "डॉक्टर कपडे काढायला लावंल, मग गावात कळंल," असे त्यांचे म्हणणे. आम्ही या वेळी मात्र खुर्ची दिली.

डॉक्टरांनी पुढे त्यांना जे सांगितले ते समजायला विज्ञानाची दोन पाने पुरतात. आईच्या पोटात गर्भ सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या जननेंद्रियांत काहीच फरक नसतो. दोघांपाशी एकच कच्चा माल असतो. आईकडून एक्स गुणसूत्र येते, बापाकडून एक्स किंवा वाय. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचे एक जनुक असते. त्याचा शोध तसा अलीकडचा, १९९० चा. त्या जनुकाने इशारा दिला की वृषणे तयार होऊ लागतात, ती संप्रेरके सोडतात आणि त्या संप्रेरकांच्या हुकमावर पुढचे शरीर घडते. सुनेला मुलगी झाली म्हणून तिला बोल लावणाऱ्या सासवांनी तर हे दोनदा वाचावे. पण या साखळीत पुष्कळ कड्या आहेत आणि एखादी कडी वेगळी पडली की शरीर वेगळ्या वाटेने जाते. कधी इशारा मिळतो, संप्रेरक तयार होते, पण शरीराच्या पेशी ते ओळखतच नाहीत. असे मूल बाहेरून पूर्णपणे मुलगी दिसते, मुलगी म्हणून वाढते, तिचे मनही बहुधा मुलीचेच असते. फक्त पाळी येत नाही. सोळा वर्षांची झाली तरी पाळी न आलेली मुलगी घरात असेल तर लग्न ठरवण्याआधी तिला डॉक्टरांना दाखवा, एवढे या लेखातून कोणी घेतले तरी आमचा लेख कामी आला.

दुसरा प्रकार आमच्या विद्यार्थ्याचा. संप्रेरक आहे, पेशी ते ओळखतात, पण त्याला अधिक ताकदवान रूप देणारे एक विकर कमी असते. म्हणून जन्माच्या वेळी बाहेरचे अवयव मुलीसारखे दिसतात. वयात येताना संप्रेरकाचा पूर आला की आवाज फुटतो, अंगात बळ येते, आतले अवयव उतरू लागतात. डोमिनिकन प्रजासत्ताक नावाच्या दूरच्या देशात लास सालिनास म्हणून एक खेडे आहे. तिथे अशी मुले इतकी जन्मत की गावाने त्यांना 'बाराव्या वर्षी पुरुष होणारे' अशा अर्थाचे नावच दिले होते. १९७० च्या दशकात अमेरिकी डॉक्टरांनी जाऊन अभ्यास केला तेव्हा विकराचा उलगडा झाला. मुलगी म्हणून वाढलेली ती पोरे वयात आल्यावर बहुतेक पुरुष म्हणून राहू लागत आणि गाव ते चालवून घेई.

त्याच खेड्यात एवढी मुले का? गाव आडबाजूला, लग्ने आपसातच. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नात तसे होण्याची शक्यता वाढते. आपल्यात चुलत-मावस भावंडांत लग्ने होतात, आपल्या हिंदू शेजाऱ्यांत मामाची मुलगी करतात. नात्यातले लग्न शरीयतमध्ये जायज आहे, त्यावर आमचे काही म्हणणे नाही. पण ज्या घराण्यात असे एक मूल आधी झाले आहे, त्या घराण्याने पुन्हा नात्यातच सोयरीक करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, हे म्हणणे जरूर आहे.

तिसरा प्रकार सर्वांत निकडीचा, कारण त्यात जीव जातो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी नीट काम करत नाहीत. मुलीच्या शरीरात पुरुषी संप्रेरक जास्त होते आणि जन्मलेल्या मुलीचे अवयव मुलासारखे भासतात. यातल्या पुष्कळ बाळांच्या शरीरातून मीठ वाहून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ ओकाऱ्या करते, सुकते आणि लाजेपायी घरात दडवून ठेवले असेल तर दगावते. रोजच्या गोळ्यांवर ही मुले चांगली जगतात. म्हणून अवयव संशयास्पद दिसताच त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. औषधाची घाई करावी, शस्त्रक्रियेची मात्र नको. बाळाला काहीतरी 'एक' करून टाका म्हणून आईबाप हट्ट धरतात आणि मूल मोठे झाल्यावर भलतेच निघते. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये याच कारणाने तान्ह्या बाळांवरच्या अशा शस्त्रक्रिया थांबवायला सांगितले आणि तामिळनाडू सरकारने तसा आदेश काढला. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी.

हे सगळे शेतकऱ्याला नवे वाटू नये. पपईच्या बागेत नर झाड असते, मादी झाड असते आणि दोन्ही एकाच फुलात असलेले झाडही असते. बाजारात ज्याला भाव ते लांबट फळ त्या तिसऱ्या झाडाचेच. (सोनारीत पपई लावण्यात अर्थ नाही. भैरवनाथाच्या देवळाभोवतीची माकडे एकही फळ पिकू देत नाहीत.) गाईला गोऱ्हा आणि कालवड अशी जुळी झाली तर ती कालवड बहुधा वांझ निघते, हे आमच्या आजोबांना शाळेत न जाता माहीत होते. पोटात दोघांचे रक्त एकमेकांत मिसळते, गोऱ्ह्याकडची संप्रेरके कालवडीला पोचतात, हे कारण तेवढे त्यांना ठाऊक नव्हते. कालवडीला कोणी शिव्या घालत नव्हते. दावणीला तिची जागा होती.

आता आपल्या दीनची बाजू. आम्ही आलिम नाही. पण घरात वडिलांच्या पेटीत हिदायाचा उर्दू तर्जुमा होता आणि २०१८ च्या त्या संध्याकाळनंतर तो आम्ही काढून बसलो. इमाम मरगीनानी यांचे हे पुस्तक आठशे वर्षांपूर्वीचे. आपल्याकडच्या मदरशांत आजही शिकवतात. त्याच्या अगदी अखेरीस 'किताबुल खुन्सा' म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. खुन्सा म्हणजे ज्याच्या शरीरात पुरुष आणि स्त्री दोघांच्या खुणा आहेत तो. वाचून आम्ही चाट पडलो. ज्या विषयावर आमच्या मोहल्ल्यात कुजबूजसुद्धा दार लावून होते, त्यावर आपल्या फुकहांनी शांतपणे, एकेक मसला घेऊन लिहिले आहे. त्यात किळस नाही, शाप नाही, 'असे का जन्मले' म्हणून सवाल नाही. प्रश्न एवढाच की हा अल्लाहचा बंदा आहे, तर त्याची नमाज, त्याचा वारसा, त्याचा कफन कसा?

या मसल्याची सुरुवात इस्लामच्याही आधीच्या अरबस्तानात होते. सीरतच्या जुन्या ग्रंथांत ती कथा आहे. आमिर बिन जरिब हा टोळ्यांचा पंच. त्याच्याकडे वारशाचा तंटा आला, वारस खुन्सा होता. पंचाला रात्रभर झोप येईना. सुखैला नावाची त्याची दासी मेंढ्या राखायची. मेंढ्या न्यायला उशीर, आणायला उशीर, म्हणून तो तिला रोज बोलायचा. तिने विचारले, मालक, काय झाले? आधी तो म्हणाला, तुला काय कळणार. मग सांगितले. मेंढपाळ पोर ती, तिने झटक्यात उत्तर दिले की लघवी कोणत्या वाटेने होते ते पाहा. पंचाने तसाच निवाडा केला आणि मेंढ्यांच्या उशिरावरून तिला बोलणे सोडले. हाच नियम पुढे आपल्या फिकहने घेतला, हजरत अली (र.) यांच्या निवाड्यातही तो सांगितला जातो. लहानपणी तेवढ्याने ठरले नाही तर वयात येण्याची वाट पाहायची. दाढी आली तर पुरुष, छाती वाढली किंवा पाळी आली तर स्त्री. बाळपणी घाई करू नका, मूल वयात आल्यावर शरीर स्वतः सांगेल, हे आजचे डॉक्टर सांगतात त्याच्या किती जवळ आहे पाहा. तरीही ठरले नाही तर तो 'खुन्सा मुश्किल'. त्याचेही हक्क बुडत नाहीत.

वारशाचाच मसला घेऊ, कारण भांडणे तिथेच होतात. समजा बाप वारला, मागे एक मुलगा आणि एक खुन्सा मुश्किल, जमीन २१ एकर. इमाम अबू हनीफा म्हणतात, दोन वाटे मुलाचे, एक खुन्साचा. म्हणजे त्याला ७ एकर. इमाम अबू युसूफ यांच्या हिशेबाने सातात तीन वाटे, म्हणजे ९ एकर. इमाम मुहम्मद यांच्या हिशेबाने बारात पाच, म्हणजे ८ एकर ३० गुंठे. गुरू आणि त्यांचे दोन शागीर्द पावणेदोन-दोन एकरांसाठी एवढा बारीक हिशेब करत बसले. शून्य कोणीच म्हटले नाही. आपल्याकडे मात्र 'तो तसला आहे, त्याला काय करायची जमीन' म्हणून भाऊ सही घेऊन मोकळे होतात.

नमाजेत खुन्साने कुठे उभे राहावे? पुरुषांच्या सफीमागे आणि स्त्रियांच्या सफीपुढे, मध्ये. जनाजे एकत्र ठेवायचे झाले तर इमामाजवळ पुरुषाचा, मग खुन्साचा, मग स्त्रीचा. म्हणजे मस्जिदीत जागा आहे, कब्रस्तानातही जागा आहे. त्या मधल्या सफीबद्दल वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमच्या वर्गातली बाके आली. मुलांची रांग, मुलींची रांग आणि मध्ये फक्त जायची वाट.

इथपर्यंत बहुतेक वाचक आमच्याबरोबर असतील. शरीरच वेगळे असेल तर बिचाऱ्याचा काय दोष, असे लोक म्हणतात. अवघड प्रश्न पुढे आहे. शरीर तपासले तर पूर्ण पुरुषाचे, पण मन लहानपणापासून स्त्रीचे, अशी माणसे असतात. कुर्डुवाडी-लातूर गाडीत टाळ्या वाजवत येणाऱ्या, जत्रेत दुकानादुकानांतून मागणाऱ्या तृतीयपंथीयांत बरेच जण असे आहेत. उलटही असते, शरीर स्त्रीचे आणि मन पुरुषाचे. हा मनाचा आजार नाही असे आता जागतिक आरोग्य संघटनाही मानते. २०१९ मध्ये मान्य झालेल्या रोगांच्या नव्या यादीत तिने तो मानसिक विकारांतून काढला.

प्रेषितांच्या (स.) काळी मदिनेतही बायकी चालीबोलीचे पुरुष होते, त्यांना मुखन्नस म्हणत. त्यातला एक उम्मे सलमा (र.) यांच्या घरी येत-जात असे. त्याने एका बाईच्या अंगाचे वर्णन परपुरुषापुढे केले तेव्हा त्याला घरात घेऊ नका असा हुकूम झाला, हे बुखारीत आहे. बंदी आली ती परक्या बाईबद्दल तसे बोलल्यावर. तोवर त्याचे येणे-जाणे कोणाला खटकले नव्हते. तेराव्या शतकातले इमाम नववी यांनी हदीसच्या भाष्यात फरक करून ठेवला आहे. जन्मतःच ज्याचा स्वभाव तसा आहे त्याच्यावर दोष नाही, गुनाह नाही. जो मुद्दाम सोंग घेतो तो दोषी.

शस्त्रक्रियेबद्दल मात्र उलेमांत मतभेद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अल-अझहरच्या वैद्यकीय शाखेतल्या एका विद्यार्थ्याने शस्त्रक्रियेने स्त्रीरूप घेतले तेव्हा इजिप्तभर वाद झाला. १९८८ मध्ये तेव्हाचे मुफ्ती सय्यद तंतावी यांनी फतवा दिला तो असा की शरीरात दडलेले खरे लिंग बाहेर आणण्यासाठी शस्त्रक्रिया हा इलाज आहे, केवळ इच्छेखातर नाही. इराणमध्ये त्याच दशकात आयतुल्लाह खोमैनी यांनी मनाच्या कारणासाठीही परवानगी दिली. आपल्याकडचे बहुतेक सुन्नी उलेमा पहिल्या मताचे आहेत. मसला ज्याला पडला आहे त्याने मुफ्तींना विचारावे, सोबत डॉक्टरांचा कागद न्यावा. पण शस्त्रक्रिया जायज की नाजायज हा एक प्रश्न झाला. लेकराला घरातून हाकलणे हा दुसरा. दुसऱ्यावर कोणत्या मुफ्तींचा फतवा आहे, तो आम्हाला अजून कोणी दाखवला नाही.

हाकलले की ते जाते कुठे? गुरूच्या डेऱ्यात. तिथे तरी त्याला कोणी 'बेटी' म्हणते. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' असा रकाना होता. देशात ४ लाख ८७ हजार ८०३ आणि महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची त्यात नोंद झाली. हे सगळे कोणाच्या तरी पोटचे आहेत.

जुना जमाना चांगला होता असेही आम्ही म्हणणार नाही. मुघल दरबारात ख्वाजासरा सरदार होते, देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर तसाच होता, हे अभिमानाने सांगितले जाते. पण ख्वाजासरांतले बरेच जण गुलाम म्हणून विकलेली आणि बळजबरीने खच्ची केलेली पोरे होती. त्यात कसला अभिमान? इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तृतीयपंथीयांची नोंदवही पोलिसांकडे ठेवली. आणि आमचा जिल्हा ज्या संस्थानात होता, ज्या निजामाचे नाव जिल्ह्याला परवापरवापर्यंत होते, त्या मीर उस्मान अली खान यांच्या राज्यातही १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ च्या सुमाराचा असाच कायदा होता. हैदराबाद शहरात आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणी त्यांची नावे रजिस्टरात लिहायची. अशा माणसाने रस्त्यात बायकी कपडे घातले, नाच-गाणे केले तर वॉरंटशिवाय अटक. तो कायदा पुढे तेलंगणात कागदावर तसाच राहिला आणि जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. हिंदू शेजाऱ्यांकडे अशांना देवीला सोडण्याची चाल होती, 'जोगवा' सिनेमा ज्यांनी पाहिला त्यांना ती माहीत आहे. देवीच्या नावाने मान, आणि रोजच्या जगण्यात हाल. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे बुगी लोक बहुसंख्य मुसलमान आहेत आणि त्यांच्या भाषेत माणसांचे पाच प्रकार मानतात, हे वाचून आम्हाला नवल वाटले. दोनच रकाने असलेला फॉर्म हा काही अल्लाहने पाठवलेला नाही.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून मान्यता दिली. २०१९ मध्ये संसदेने कायदा केला. केवळ तृतीयपंथी आहे एवढ्या कारणाने मुलाला आईबापांपासून वेगळे करता येत नाही, असे त्यात लिहिले आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. आपल्या खेड्यांना हे जमत नाही असे नाही.

समलिंगी आकर्षणाबद्दल थोडेच लिहितो. ही तिसरीच गोष्ट आहे. शरीर, आपण कोण याची मनातली ओळख, आणि ओढ कोणाकडे, हे तीन वेगवेगळे आहेत आणि आपण तिन्हींची एकच शिवी करून टाकली आहे. कायद्याने सप्टेंबर २०१८ पासून सज्ञानांमधले असे संबंध गुन्हा नाहीत. निकाहबाहेरच्या संबंधांबद्दल शरीयत काय म्हणते हे वाचक जाणतात. ओढ मनात असणे आणि कृती करणे यात फरक आहे, हेही जाणतात. आम्हाला फक्त एका गोष्टीची हात जोडून विनंती करायची आहे. 'लग्न लावून द्या, सुधारेल' म्हणून अशा मुलाच्या गळ्यात कोणाची मुलगी बांधू नका. आमच्याच नात्यात असे एक लग्न झाले. ती मुलगी चार वर्षे नवऱ्याच्या पाठीकडे पाहत झोपली, सासूने तिला वांझ ठरवले आणि शेवटी तलाकचा बट्टाही तिच्याच माथी आला. मुलाला माहीत होते, मुलाच्या आईलाही माहीत होते.

आमच्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. २०१९ च्या उन्हाळ्यात सोलापूरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. अहवाल आला त्या दिवशी वडील दवाखान्याच्या आवारातच शुक्राण्याची नमाज पढले. शस्त्रक्रिया झाली. मोहल्ल्यात आठ-पंधरा दिवस चर्चा झाली, मग लोकांना दुसरा विषय मिळाला. आता तो बार्शीत मालवाहू गाडी चालवतो, जुम्याला पुरुषांच्या सफीत उभा राहतो. त्याचे नवे नाव त्याच्या दादीने ठेवले. आधार कार्ड बदलून झाले. गेल्या जूनमध्ये तो शाळेत आला. दुबईला ड्रायव्हरची नोकरी ठरते आहे, पासपोर्ट हवा, आणि शाळेचा दाखला अजून मुलीच्या नावाचा.

मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढले. पान उघडले तेव्हा आमचे तेच अक्षर. त्याने वाचले आणि हसून म्हणाला, "बाई, आम्ही कुठं गेलतो?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवायचा आहे. त्याला दवाखान्याचा कागद, जन्माची नोंद आणि त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या दोघांचे लेखी जबाब जोडायचे, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. एक जबाब आम्ही लिहून दिला आणि दाखल्यावर कारण खोटे लिहिले होते हेही त्यात लिहिले. दुसरा त्याची आई देणार आहे. तिला सही येत नाही. अंगठा चालतो का, ते विचारून कळवतो म्हणाले आहेत.